एकशे सतरा जमा, एकशे सतरा नावे

ज्या खेळात चेंडू गोल नसतो आणि त्याला पाय क्वचितच लागतो, त्या खेळाला अमेरिकन माणूस फुटबॉल म्हणतो. हे एकदा निमूट मान्य केले की पुढचे सगळे सोपे जाते. न्यूयॉर्क जायंट्स नावाचा संघ न्यूयॉर्कमध्ये न खेळता न्यू जर्सीतल्या ईस्ट रदरफोर्डला खेळतो, हेही मग खटकत नाही. आपले पुण्याचे क्रिकेट नाही का गहुंज्याला होत! पण एक गोष्ट काही केल्या माझ्या घशाखाली उतरत नाही. या जायंट्सकडून सोळा मोसम खेळलेला क्वार्टरबॅक एली मॅनिंग हा ‘एलिट’ होता की नव्हता, यावर तिकडची आणि तिकडे गेलेली आपली माणसे ज्या तऱ्हेने वाद घालतात, ती तऱ्हा. वादाला माझी ना नाही. वाद नसेल तर रविवार जायचा कसा? माझी हरकत आहे ती त्या वादातल्या हिशेबाला. आणि हिशेबाबद्दल चार शब्द बोलण्याचा मला अधिकार आहे. मी बी. कॉम. आहे (सेकंड क्लास) आणि गेली वीस-एकवीस वर्षे एका बँकेत कारकून आहे. प्रमोशन मिळत नव्हते असे नाही. प्रमोशनबरोबर बदलीही मिळत होती, म्हणून घेतले नाही.

आता तुम्ही म्हणाल, डोंबिवलीहून रोज आठ-तेराची लोकल पकडणाऱ्या माणसाचा अमेरिकेतल्या क्वार्टरबॅकशी संबंध काय? तर माझी ताई न्यू जर्सीत एडिसनला असते आणि भावोजी जायंट्सचे भक्त आहेत. भक्त हा शब्द मी जपून वापरतो आहे. भावोजींची एकादशी मोडते, रविवारचा सामना मोडत नाही. २०१९ साली साठवलेली सगळी रजा एकदम काढून मी त्यांच्याकडे दोन महिने राहून आलो. एकदा नायगारा पाहिला आणि उरलेले रविवार त्यांच्या बेसमेंटमध्ये काढले. बेसमेंट म्हणजे तळघर. आपण तळघरात जुनी पिंपे ठेवतो, ते लोक टीव्ही आणि पाहुणे ठेवतात.

शिवाय एली मॅनिंग आणि मी एका सालचे, १९८१चे. २००४ साली तो कामाला लागला, त्याच वर्षी मी बँकेत लागलो. त्याला अख्ख्या देशातून पहिल्या क्रमांकाने निवडले होते, मला वेटिंग लिस्टमधून. एवढा बारीक फरक सोडला तर आमची नोकरी बरोबरीची. त्याला निवडले होते सॅन डिएगोने. तिथे मी खेळणार नाही, हे त्याने आधीच कळवून टाकले होते, आणि त्याच दिवशी त्याची न्यूयॉर्कला बदली झाली. नेमणुकीच्याच दिवशी सोयीची बदली! आमच्या युनियनला हे अजून साधलेले नाही.

खेळ थोडक्यात सांगतो. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचे. सरकलात तर आणखी चार प्रयत्न, नाहीतर चेंडू समोरच्याच्या ताब्यात. चेंडू शेवटच्या रेषेपलीकडे नेला की टचडाऊन. या सगळ्यात क्वार्टरबॅक म्हणजे महिन्याच्या एक तारखेला पेन्शन वाटायला बसलेला कॅशियर समजा. फरक इतकाच, की काउंटरला काच नाही, समोरून सव्वाशे-सव्वाशे किलोचे गृहस्थ थेट अंगावर येताहेत, आणि कोणाच्या हातात चेंडू द्यायचा हे तीनेक सेकंदांत ठरवायचे आहे. आपल्या माणसाकडे फेकलेला चेंडू मध्येच समोरच्याने पळवला तर त्याला इंटरसेप्शन म्हणतात. आमच्याकडे त्याला ‘कॅश शॉर्ट’ म्हणतात आणि ती पगारातून कापतात.

आता बेसमेंटमधल्या वादाकडे वळतो. तिथे दर रविवारी पाच-सहा मराठी मंडळी जमत. त्यांतले एक काका औषधांच्या कंपनीत संख्याशास्त्राचे काम करीत. साबुदाणावडा तोंडात असतानाही त्यांना दशांश चिन्हापुढचे दोन आकडे स्पष्ट बोलता येत. ‘‘दोनशे चव्वेचाळीस इंटरसेप्शन आहेत तुमच्या मॅनिंगच्या नावावर!’’ काका गरजले. ‘‘तीन मोसमांत तर सगळ्या लीगमध्ये सर्वांत जास्त! आणि रेटिंग किती? चौऱ्याऐंशी पॉइंट एक!’’

हे रेटिंग म्हणजे काय, हे मी काकांकडूनच समजून घेतले. क्वार्टरबॅकला गुण देण्याचे एक सूत्र त्या लीगने १९७३ साली स्वीकारले. किती फेकी पोचल्या, दर फेकीमागे किती यार्ड मिळाले, टचडाऊन किती आणि इंटरसेप्शन किती, या चार गोष्टींचे त्यात लोणचे घालतात. त्यात पैकीच्या पैकी गुण किती असावेत? शंभर? दीडशे? नाही. एकशे अठ्ठावन्न पॉइंट तीन. बँकेत व्याजाची एकापेक्षा एक चमत्कारिक सूत्रे मी पाहिली आहेत, पण पूर्ण गुणांनाच अपूर्णांक असलेले सूत्र मी पहिल्यांदा पाहिले. आणि यात एक मेख आहे. सामना आधीच हातचा गेलेला असताना निवांत मिळवलेले यार्ड आणि शेवटचे मिनिट उरले असताना हाडे मोडून घेत मिळवलेले यार्ड, दोन्हीला भाव एकच. हे म्हणजे पहाटे तीन वाजता डॉक्टरला घेऊन येणारा रिक्षावाला आणि दुपारी रिकामा हिंडणारा रिक्षावाला, दोघांना मीटरप्रमाणे सारखेच मोजण्यासारखे आहे. मीटर खोटे नाही हो. पण डॉक्टर कोणी आणला हे मीटरवर दिसत नाही.

काकांचे आकडे मी नाकारीत नाही. २४४ म्हणजे २४४. त्याच्या टचडाऊनच्या फेकी ३६६. भागून पाहा, बरोबर दीड. पैसा इकडचा तिकडे नाही. ५७,०२३ यार्ड त्याने चेंडू फेकून मिळवले. म्हणजे बोरीबंदरहून निघून कल्याण आले-आले म्हणावे इतके अंतर, लोकलशिवाय. एवढा माल ज्याच्या हातून गेला, त्याच्या हातून सांडलवंडही होणारच. आमच्या शाखेत एक गृहस्थ आहेत, त्यांची रोकड आजतागायत एका रुपयाने कमी आलेली नाही. ते आवक-जावक टेबलाला बसतात.

काकांचा हुकमी एक्का मात्र वेगळाच होता. मोसमातल्या नेहमीच्या सामन्यांत एली मॅनिंगची सुरुवातीचा क्वार्टरबॅक म्हणून अखेरची नोंद आहे : ११७ विजय आणि ११७ पराभव. ‘‘बघा!’’ काका म्हणाले. ‘‘जमा तितके नावे. बाकी शून्य. याला सरासरी माणूस म्हणतात. तुम्ही तरी कॉमर्सचे आहात, सांगा!’’

मी कॉमर्सचा आहे म्हणूनच सांगतो, बाकी शून्य असलेली खाती दोन प्रकारची असतात. एक, ज्यात कधी काही भरलेच नाही. दुसरे, ज्यातून पोरीचे लग्न झाले, पोराची फी गेली, घराचे हप्ते फिटले आणि शेवटी पासबुकात पूज्य उरले. दोन्ही पासबुकांचे शेवटचे पान सारखेच दिसते. शेवटचे पान पाहून खातेदाराची पत ठरवणारा मॅनेजर मला दाखवा, मी त्याची बदली कुठे करायला हवी ते सांगतो.

एली मॅनिंगच्या पासबुकातल्या दोनच नोंदी पाहू. पहिली ३ फेब्रुवारी २००८ची, सुपर बोलची. समोर न्यू इंग्लंड पेट्रियट्स. त्या मोसमात खेळलेले अठराच्या अठरा सामने जिंकलेले, ५८९ गुणांचा विक्रम केलेले, टॉम ब्रेडीचे पेट्रियट्स. जायंट्स चार गुणांनी मागे, सव्वा मिनिट शिल्लक, तिसरा प्रयत्न आणि पाच यार्ड हवेत. दोन आडदांड गड्यांनी एलीचा सदरा मागून मुठीत धरला. भले भले तिथे जमिनीवर बसतात. बसण्यात काही कमीपणाही नाही. हा कसा निसटला ते तो आणि परमेश्वर जाणे. निसटला, वळला आणि चेंडू लांब भिरकावला. मोसमभरात ज्याने अवघे चार झेल घेतले होते, त्या डेव्हिड टायरीने तो एका हाताने स्वतःच्या शिरस्त्राणावर दाबून धरला. ३२ यार्ड! थोड्याच वेळात टचडाऊन, पस्तीस सेकंद शिल्लक, १७-१४.

‘‘नशीब!’’ बेसमेंटमधून एकमुखाने आवाज. झेल टायरीने घेतला, यात याचे काय? मला हा युक्तिवाद ऐकला की कानशिले तापतात. कपिलदेवने १९८३ साली लॉर्ड्सवर मागे पळत जाऊन रिचर्ड्सचा झेल घेतला, तेव्हा मदनलालची विकेट कागदावरून पुसून टाकली का कोणी? नशीब आले असेल. पण ते आले तेव्हा गडी उभा होता. आडवा पडलेल्याकडे चेंडू फेकून घ्यायला नशीब येत नाही. आणि ‘बचावफळीने सामना जिंकून दिला’ म्हणणाऱ्यांना एवढेच सांगतो, की बचावफळीने ब्रेडीला चौदावर रोखले ही कमालच झाली, पण चौदा हे दहापेक्षा जास्तच असतात. पुढचे सात कोणी आणले?

दुसरी नोंद पुढच्या खेपेची. २०११च्या मोसमाआधी एलीला रेडिओवर सरळच विचारले गेले, की तू ब्रेडीच्या पंक्तीतला आहेस का? तो ‘हो’ म्हणाला. झाले! महिनाभर सगळ्यांनी पोट धरून हसून घेतले. एखाद्या हेडक्लार्कने चेअरमनसाहेबांच्या शेजारच्या खुर्चीत बसावे तसा तो प्रकार धरला गेला. त्या मोसमात त्याने शेवटच्या पाळीत पंधरा टचडाऊन फेकले, तो विक्रम झाला. संघ मात्र रडतखडत नऊ जिंकून सात हरून बाद फेरीत शिरला. वर्षभराचे गुण किती? केलेले ३९४, दिलेले ४००. सहा गुणांची तूट! असा ताळेबंद घेऊन आमच्याकडे कर्ज मागायला आला असता तर फॉर्मसुद्धा दिला नसता. तरी गडी बाद फेरीत चढत गेला. सान फ्रान्सिस्कोला त्याला सहा वेळा चेंडूसकट आडवे केले, सहाही वेळा उठला, जिंकला. आणि ५ फेब्रुवारी २०१२ला पुन्हा तेच पेट्रियट्स, पुन्हा तोच ब्रेडी, पुन्हा शेवटच्या मिनिटांत मागून येऊन २१-१७. दोन्ही सामन्यांचा मानकरी हाच.

हा दुसरा सामना इंडियानापोलिसला झाला, म्हणजे थोरल्या भावाच्या घरच्या मैदानावर. हा थोरला भाऊ, पेटन मॅनिंग, हे एलीच्या कुंडलीतले खरे स्थान. वडीलही क्वार्टरबॅक, पण थोरला म्हणजे चमत्कार. मोसमातला सर्वोत्तम खेळाडू म्हणून पाच वेळा निवडलेला. ज्या घरात थोरला बोर्डात येतो त्या घरातल्या धाकट्याने काय करावे, हे मराठी माणसाला सांगायला नको. त्याने पंचाऐंशी टक्के मिळवले तरी आत्या म्हणते, ‘‘ठीक आहे हो, सगळेच कसे दादासारखे असतील!’’ त्यात एलीचा चेहरा. तो चेहरा अमेरिकेत थट्टेचा विषय होता. जिंकला काय, हरला काय, चेहऱ्यावर भाव एकच : छत्री कुठे विसरलो ते आठवत असल्याचा. मुठी आवळणे नाही, छाती बडवणे नाही. मला तो चेहरा प्रथम पाहिला तेव्हाच आपला वाटला. दुपारी साडेतीनला आमच्या काउंटरवर तसे सहा असतात. माणसाला थोर म्हणताना लोक अर्धे गुण चेहऱ्याला देतात, त्याला कोणते रेटिंग?

इथे माझ्या रागाचे खरे मूळ सांगून टाकतो. आमच्या शाखेत एक कॅशियर होते. वयाने मोठे, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो. काम बेताचे, हात संथ, एखाद-दोनदा रोकड कमी आलेली, ती निमूट भरलेली. १० नोव्हेंबर २०१६ला, नोटाबंदीनंतर बँका उघडल्या त्या दिवशी, रांग शाखेच्या दारातून निघून भाजीमंडईला वळसा घालून गेली होती. तरणेताठे, चटपटीत, दर वर्षी अहवालात ‘उत्कृष्ट’ मिळवणारे आमचे दोन जण दुपारपर्यंत रक्तदाब वाढून मागच्या खोलीत जाऊन बसले. अण्णा सकाळी दहाला बसले ते रात्री साडेनऊला उठले. मध्ये एकदा चहा. एका म्हातारीने पिठाच्या डब्यातून आणलेल्या नोटा त्यांनी एकेक झटकून मोजल्या, आणि रांग ओरडत असताना तिला दुसऱ्यांदा मोजून दाखवल्या. रोकड रुपयाला रुपया जुळली. वर्षअखेरीच्या अहवालात त्यांच्यापुढे शेरा आला : ‘सर्वसाधारण’. का? तर वर्षाची सरासरी. त्या अहवालात सोळा रकाने होते, १० नोव्हेंबरचा रकाना नव्हता.

म्हणून कोणी तळघरात बसून सरासरीच्या गोष्टी करू लागला की मला राहवत नाही. त्यातून एलीचे २०१७ साली जे केले ते ऐका. २००४च्या नोव्हेंबरपासून मोसमातले सलग २१० सामने त्याने एकदाही चुकवले नव्हते. खांदा दुखला, पाय दुखला, गडी हजर. २१० सामने तेही अशा खेळात, की जिथे दर सामन्यात तीन-चार मोटारी अंगावर आल्यासारखे वाटते! त्या वर्षी संघ हरत सुटला होता. प्रशिक्षकांनी सांगितले, दुसऱ्याला खेळवायचे आहे. पण तुझी हजेरी मोडायला नको, तू सुरुवातीला उतर, मग तुला काढू. म्हणजे मस्टरवर सही कर आणि घरी जा! आमच्याकडे अशी सवलत मिळाली तर लोक पेढे वाटतील. एलीने नाही म्हटले. दुसऱ्याला खेळवायचे तर त्यालाच पहिल्यापासून खेळवा. ३ डिसेंबरला ओकलंडला तो बाजूला उभा राहिला, २१०वर हजेरी तुटली. संघ हरला आणि दुसऱ्याच दिवशी प्रशिक्षकांना नारळ मिळाला. पुढच्या सामन्याला एली पुन्हा कामावर.

हे मी बेसमेंटमध्ये सांगितले तेव्हा काका म्हणाले, ‘‘त्याचा रेटिंगशी काय संबंध?’’

‘‘काही नाही,’’ मी म्हटले, ‘‘तोच रेटिंगचा दोष आहे.’’

‘‘तू बँकेत नको, युनियनमध्ये जा,’’ भावोजी म्हणाले. पण त्यांनी माझ्या ताटलीत आणखी एक वडा घातला, त्यावरून त्यांचे मत मला कळले.

एली मॅनिंग ब्रेडीएवढा होता असे मी म्हणत नाही. पेटनएवढाही नव्हता. आणखी एक गमतीची गोष्ट सांगतो : बाद फेरीत तो सहा मोसमांत पोचला. दोनदा चारपैकी चार जिंकला आणि चारदा पहिल्याच सामन्यात घरी आला. अध्येमध्ये काहीच नाही. असा माणूस ‘दर वर्षी भरवशाचा’ नव्हे, हे कबूल. पण ‘एलिट’ म्हणजे दर मंगळवारी सारखाच चांगला, असे ठरवले कोणी? मोहिंदर अमरनाथ किती वेळा संघाबाहेर गेला आणि किती वेळा परत आला, याची मोजदाद निवडसमितीनेही ठेवली नसेल. पण १९८३च्या विश्वचषकात उपांत्य आणि अंतिम, दोन्ही सामन्यांचा मानकरी तोच होता, आणि त्या दोन दिवसांवर आमची एक अख्खी पिढी चाळीस वर्षे जेवते आहे. त्याच्या सरासरीचा आकडा कोणाला पाठ आहे, हात वर करा.

मी तिथे असतानाच, १५ डिसेंबर २०१९ला, एली घरच्या मैदानावर मायामीविरुद्ध खेळला. त्याची जागा एव्हाना एका पोराला दिलेली होती. पोर दुखावले म्हणून याला बोलावले. खात्यावर तेव्हा ११६ जमा, ११७ नावे. सामना जिंकला, ३६-२०. ताळेबंद जुळला. काका त्यावर हसले, पण मैदानावरचे लोक उभे राहून त्याच्या नावाचा घोष करीत होते आणि भावोजी टीव्हीकडे पाठ करून उगाच चष्मा पुसत होते. महिन्याभराने एली निवृत्त झाला. २०२१ साली त्याचा दहा नंबरचा सदरा संघाने कायमचा निवृत्त केला.

पाच वर्षे झाल्यावर मोठ्या मानाचा प्रश्न आला. ओहायो राज्यात कँटन नावाचे गाव आहे, तिथे या खेळातल्या थोरांचे अर्धपुतळे मांडतात. निवडायला समिती असते, तिची शंभरात ऐंशी मते लागतात. ७ फेब्रुवारी २०२५ला सकाळी मी डबा पिशवीत घालीत असताना भावोजींचा फोन आला. तिकडे आदली रात्र होती.

‘‘नाही घेतला रे,’’ ते म्हणाले. ‘‘चौघांनाच घेतले, त्यात आपला नाही.’’

‘‘कारण?’’

‘‘कारण देत नाहीत. पण तेच असणार. एकशे सतरा-एकशे सतरा.’’

मी म्हटले, ‘‘भावोजी, त्या समितीत कॅशवर बसलेला एखादा माणूस आहे का, तेवढे बघा.’’

ते म्हणाले, बहुतेक सगळे वार्ताहर आहेत. मग म्हणाले, ‘‘ते असू दे. मॅथ्यू स्टॅफर्डचे काय म्हणणे आहे तुझे? बारा वर्षे डेट्रॉइटला बाद फेरीतला एक सामना जिंकला नाही आणि संघ बदलल्या-बदलल्या पहिल्याच वर्षी सुपर बोल! हा एलिट की नाही? काका नाही म्हणतात.’’

मी घड्याळ पाहिले. आठ वाजून चार मिनिटे झाली होती आणि लोकल काही माझ्यासाठी थांबत नाही. ‘‘काका नाही म्हणतात ना?’’ मी चपला घालता घालता म्हटले, ‘‘मग आहे. पासबुक रविवारी बघू.’’